शब्दचर्चा : विसरण, वायुविनिमय आणि ‘शोषून घेणे’

प्रश्न : ‘फुप्फुसं हवेतला ऑक्सिजन शोषून घेतात’ असं आपण सर्रास लिहितो. शाळेच्या पुस्तकात ‘वायुविनिमय’ आणि ‘विसरण’ असे शब्द येतात. तिन्हींचा अर्थ एकच धरायचा का?

उत्तर : नाही. वायुविनिमय (हवा आणि रक्त यांच्यातली वायूंची देवाणघेवाण) म्हणजे काय घडतं ते, विसरण (जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वायूचं आपोआप पसरणं) म्हणजे ते कसं घडतं. ‘शोषून घेणे’ म्हटलं की फुप्फुस स्वतः जोर लावतं असं वाटतं, आणि माझी हरकत तिथेच आहे. वायुकोशातल्या, म्हणजे फुप्फुसातल्या इवल्याशा पिशव्यांतल्या हवेत ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातल्या एकट्या ऑक्सिजनचा दाब) साधारण 100 मिमी पारा असतो, तर हृदयाकडून फुप्फुसात आलेल्या रक्तात 40. एवढ्या फरकावर ऑक्सिजन आपोआप रक्तात उतरतो. मधली भिंत जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरची. माणूस स्वस्थ बसलेला असताना रक्तातली तांबडी पेशी वायुकोशालगतच्या केशवाहिनीतून (केसासारख्या बारीक रक्तवाहिनीतून) पाऊण सेकंदात पार होते, आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच काम उरकतं! कार्बन डायऑक्साइडला तर पाच-सहा मिमीचा फरकही पुरतो, कारण तो ऑक्सिजनपेक्षा वीसेक पट सहज पलीकडे जातो.

दुसरं मत : ‘विसरण’ ऐकून मुलांना विसरणं आठवतं. हा शब्द संस्कृत ‘वि + सृ’ म्हणजे पसरणे यावरून आलाय. आपलं ‘विसरणे’ आलं विस्मरणाच्या घराण्यातून. दोघांचा संबंध नाही, हे वर्गात एकदा सांगून टाकावं.

आणि हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. कोपनहेगनचे क्रिस्टियान बोर आणि इंग्लंडमधले जे. एस. हाल्डेन यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञही फुप्फुस ऑक्सिजन रक्तात ढकलतं असं मानत होते. एके काळी बोर यांचेच सहायक असलेले ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी क्रोग यांनी 1910 मध्ये मोजमापं करून दाखवलं की विसरण एकटंच पुरेसं आहे. म्हणून ‘शोषून घेणे’ टाळावं. ‘ऑक्सिजन वायुकोशातून रक्तात जातो’ हे साधं वाक्य बरोबर आहे.

प्रश्न : मामांच्या रिपोर्टवर ‘डिफ्युजन कमी’ असं आलंय. ते हेच का?

उत्तर : हो, हेच. डिफ्युजन म्हणजेच विसरण. चाचणीत अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा आत घेऊन दहाएक सेकंद श्वास रोखायला लावतात. तांबड्या पेशींतलं ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन तो वायू इतका घट्ट धरतं की रक्तातून तो जवळपास परतत नाही, त्यामुळे किती वायू भिंत ओलांडून गेला ते नेमकं कळतं. 1915 मध्ये ही पद्धत मारी क्रोग यांनीच मांडली. फायब्रोसिस या फुप्फुसाच्या आजारात भिंत जाड होते, एम्फिसीमा या दुसऱ्या आजारात वायुकोशच नष्ट होतात. दोन्हींत आकडा उतरतो. रक्त कमी असलं तरीही उतरतो, तेव्हा डॉक्टरांकडे जाताना हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत न्या.