रक्ताचा कॅन्सर आणि औषध फक्त एक गोळी?

वारजेकर
बाबा ६३ वर्षांचे, पीएमटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी १,४२,०००. लॅबवाल्यांनी चूक असेल म्हणून परत रक्त घेतलं, तरी तेच. निदान सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. डॉक्टरांनी इमॅटिनिब ४०० लिहून दिली, रोज एक, आणि म्हणाले, "घरी जा." ना केमो, ना अ‍ॅडमिट. आत्या म्हणते ताबडतोब मुंबईला टाटाला न्या, काका पपईच्या पानांचा रस घेऊन आलेत. एका गोळीवर कॅन्सर कसा आटोक्यात राहील? आणि रिपोर्टमधलं "टी ९;२२" म्हणजे काय?

डार्करूमवाली
गोळी आजच सुरू करा. रस काकांना पाजा.

मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये सव्वीस वर्षं गुणसूत्रं बघितली. सुरुवातीला कॉम्प्युटर नव्हता. पेशीचा फोटो काढायचा, डार्करूममध्ये धुवायचा, मग कात्रीने एकेक गुणसूत्र कापून जोडीजोडीने कागदावर चिकटवायचं. ४६ तुकडे. मे महिन्यातही पंखा बंद, नाहीतर सगळं उडायचं. एकदा काही केल्या शेहेचाळीस भरेनात, पंचेचाळीसच. तासभर टेबलाखाली रांगत शोधलं. बावीस नंबरचा चिटुकला माझ्याच कोपराला चिकटलेला!

तुमच्या "टी ९;२२"चा शोध असाच लागला. १९६० साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड या संशोधकांना सीएमएलच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. तुकडा गळून पडला असावा, असा तेव्हाचा समज. शिकागोच्या संशोधक जॅनेट रावली चार मुलगे सांभाळून अर्धवेळ काम करायच्या. त्या फोटो घरी आणून जेवणाच्या टेबलावर कापत बसत. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, असं मुलं चिडवायची. तो बाविसाव्याचा तुकडा गळलेला नाही, नवव्याला जाऊन चिकटलाय, हे १९७३ साली त्यांनी दाखवलं. नवव्याचाही तुकडा बावीसकडे आलाय, हे पुढे कळलं. टी म्हणजे ट्रान्सलोकेशन, ही अदलाबदल. कात्री मीही चालवली, पण माझ्यासमोर उत्तर आधीच होतं. त्यांच्यासमोर नव्हतं.

या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं जोडजनुक तयार होतं. त्याचं प्रथिन म्हणजे वायसर गेलेला नळ, पेशीला "वाढ, वाढ" सांगणं थांबतच नाही. इमॅटिनिब नेमकी त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते. ब्रायन ड्रुकर या अमेरिकन डॉक्टरांनी या गोळीची जी पहिली चाचणी घेतली, तिच्यात ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मलला आलं. २००१ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याआधीचे सीएमएलचे रिपोर्ट टाइप करताना माझा हात जड व्हायचा, एवढंच सांगते.

मात्र ही जादू सीएमएलची. शेजारच्या कुणाला दुसरा ल्युकेमिया असेल तर त्याच्याशी तुलना नको.

दोन_डबे
मी २०११ पासून याच गोळीवर. भरल्या पोटी, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर मळमळतं. सकाळी डोळ्यांखाली सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. मी एकदा गणपतीत गावी गेलो आणि गोळ्या पुण्यातच राहिल्या. आठ दिवस गेले. पुढचा रिपोर्ट चढलेला, डॉक्टरांनी बायकोसमोर झापलं. तेव्हापासून दोन डबे, एक घरी, एक बॅगेत.

बीसीआर-एबीएल रक्तात किती उरलंय ते मोजणारी पीसीआर तपासणी दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. तीन महिन्यांत १० टक्के किंवा खाली, वर्षभरात ०.१ टक्का किंवा खाली आलं की गाडी रुळावर.

खर्चाचं म्हणाल तर आपल्याकडच्या कंपन्यांची गोळी बरीच स्वस्त आहे. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने या गोळीच्या मूळ कंपनीचा, नोव्हार्टिसचा, पेटंटचा दावा फेटाळला, तेव्हा ओपीडीच्या बाकावर एका काकांनी पेढे वाटले होते. मला वाटलं एप्रिल फूल.

वारजेकर
दोघांचेही आभार. काल जेवणानंतर पहिली गोळी दिली. आत्याच्या समाधानासाठी रिपोर्ट घेऊन एकदा टाटाला दाखवून येऊ, पण गोळी चालू ठेवूनच. ताईंचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे डेपोत नऊच्या आणि बावीसच्या पाट्या बदलल्या, एवढंच ना?"