मदत हवी आहे : शुक्रवार-शनिवार कोल्हापूर, आठ जण, देवळं आणि रात्रीची भटकंती

कोल्हापूरकरांनो, जरा मार्ग दाखवा. आठ जणांत दोघे साठीपुढचे, गाडी टेम्पो ट्रॅव्हलर. अंबाबाईची पालखी शुक्रवारी रात्री निघते, म्हणून शुक्रवार पक्का. दर्शनरांग संध्याकाळीच उरकून पालखीला पुन्हा आत यावं, की एकदाच उशिरा जाऊन दोन्ही साधावं? पालखी नीट दिसायला गरुड मंडपाच्या बाजूला थांबावं की दुसरीकडे? बिंदू चौकात गाडी लावली तर ज्येष्ठांना तिथून चालवेल का, की रिक्षा बरी?

किरणोत्सवाचा मोह आहेच, पण ९ ते ११ नोव्हेंबरला फक्त त्यासाठी येणं जुगार वाटतो. मूर्ती पश्चिमाभिमुख, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत यावी लागतात. ढग किंवा धूळ आड आली की चरणांवरच विझतात. तारखा सोडून आलो तर काही हुकतंय असं वाटेल का?

रात्रीचं म्हणजे पब नको हो! रंकाळ्यावर भेळ, तांबडा-पांढरा रस्सा आणि गंगावेशीत कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध. हे दूध कच्चं असतं. बाहेरगावच्या पोटाला झेपेल, की तापवून मागावं? आणि तिखट जेवणाआधी की नंतर?

शनिवारी खिद्रापूरचा कोपेश्वर की जोतिबा? जोतिबा जवळ, पण पायऱ्या आहेत. खिद्रापूर लांब, मात्र तिथल्या स्वर्गमंडपासाठी (छताला गोल उघडी जागा असलेला दगडी मंडप) जीव तुटतो. दोन्ही एका दिवसात कोंबू नका म्हणालात तर ऐकू.