ॲलनच्या मॉलनंतर आपण इतक्या लवकर गप्प कसे झालो?

प्लेनोवाली:

नमस्कार मंडळी. प्रश्न मुख्यतः टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्को-ॲलन पट्ट्यात राहणाऱ्यांना आहे, पण बाकीच्यांनीही लिहा.

ॲलनचा आउटलेट मॉल आपल्यातल्या कुणाला माहीत नाही? भारतातून आईबाबा आले की परतीच्या आधीचा शनिवार तिथेच जातो. भाच्यांचे बूट, कुणासाठी पर्स, बॅगेचं वजन भरेपर्यंत चॉकलेटं. ६ मे २०२३ हाही शनिवारच होता. दुपारी साडेतीननंतर एकजण गाडीतून उतरला आणि त्याने एआर-१५ पद्धतीच्या रायफलने गोळ्या झाडायला सुरुवात केली. आठ माणसं गेली. त्यांत लहान मुलं होती, तेलंगणातून आलेली एक तरुण इंजिनिअर होती. एक पोलीस दुसऱ्याच कामासाठी तिथे आला होता, त्याने हल्लेखोराला मारलं म्हणून ते तिथे थांबलं.

त्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळे सुखरूप ना?’ची रांग लागली. रविवारी हात जोडलेले इमोजी. मग समर कॅम्प, मग गणपतीच्या हॉलचं बुकिंग. ३१ मेला मॉल पुन्हा उघडला आणि जूनमध्ये आपली माणसं पाहुण्यांना घेऊन तिथे हजर. जाऊ नये असं मी म्हणत नाही, मीही जाते. पण एवढं आपल्या दारात घडून गेलं आणि त्यावर आपण एकदाही एकत्र बसून बोललो नाही, हे मला सहन होत नाही. कार्यक्रमाच्या हॉलच्या दारावर राज्याच्या कायद्यातल्या ३०.०६ आणि ३०.०७ या कलमांच्या पाट्या असतात, आत बंदूक आणू नये म्हणून. आपण त्या पाटीखाली रांगोळी काढतो. ती कशाबद्दल आहे हे कुणी मुलांना सांगत नाही आणि मुलंही विचारत नाहीत.

आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझे सासरे. ते सध्या आमच्याकडे आलेत, साताऱ्याकडे हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मुलगा दुसरीत आहे. जेवताना त्याने सांगितलं, आज लॉकडाउन ड्रिल होतं, दाराला कुलूप, दिवे बंद, सगळ्यांनी दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायचं, आणि टीचर म्हणाली मी सगळ्यांत शांत बसलो. आम्ही दोघांनी त्याला शाबासकी दिली. सासऱ्यांनी विचारलं, हे कशासाठी? आम्ही अगदी सहज समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं, पोरं कोपऱ्यात बसतात. तुम्ही मोठी माणसं काय करता?”

तोच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. आपल्यातले बरेच एच-१बी वर, ग्रीन कार्डच्या रांगेत, मत देता येत नाही. अशा माणसांनी मेणबत्तीपलीकडे काही केलं आहे का? आणि दुसरं, अगदी घरगुती. मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवताना ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात असते का’ हे तुम्ही विचारता का? मला अजून धीर झालेला नाही. कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे बिनधास्त विचारते, सांगते. इथे मात्र जीभ रेटत नाही.

कॅटीकर:

स्पष्ट लिहितो, राग नसावा. मी ह्यूस्टनकडे वीसहून जास्त वर्षं आहे आणि माझ्याकडे पिस्तूल आहे. आमच्या भागात देशी घरं हेरून सोन्यासाठी घरफोड्या झाल्या, बायको घरी एकटी असायची, तेव्हा घेतलं.

तुम्ही ज्याला गप्प बसणं म्हणता ते मला इतकं वाईट वाटत नाही. माणूस रोज भीती उराशी धरून नोकरी-संसार करू शकत नाही. जुलै २००६ मध्ये लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा मी मुंबईत होतो. दुसऱ्या दिवशी लोक त्याच वेस्टर्न लाईनने कामावर गेले. ते बेफिकीर नव्हते, त्यांना पोट होतं.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं उत्तर अगदी सरळ आहे. विचारा. मला कोणी विचारलं तर बंदुकीची तिजोरी, म्हणजे सेफ, कुठे आहे, गोळ्या कुठे असतात, चावी कोणाकडे, सगळं सांगेन. ज्याने नीट ठेवलंय त्याला हा प्रश्न लागत नाही. जो चिडेल त्याच्याकडे मूल पाठवू नका.

रात्रपाळी:

मी डॅलसमधल्या एका इमर्जन्सी विभागात नर्स आहे. मॉल आणि शाळांमधल्या घटनांची निदान बातमी तरी होते. आमच्याकडे रात्री जे येतात ते एकेकटे येतात आणि त्यांची बातमी होत नाही. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. सामूहिक गोळीबारात जाणाऱ्यांचा वाटा यात अगदी छोटा असतो. आणि २०२० पासून १ ते १९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. आधी मोटार अपघात होते. गाड्यांसाठी सीटबेल्ट आले, बाळांच्या सीटचे कायदे आले, रस्ते बदलले, आणि ते मृत्यू खाली आले. बंदुकीच्या मृत्यूंवर संशोधनालासुद्धा १९९६ च्या एका तरतुदीनंतर दोन दशकांहून अधिक काळ केंद्राचा पैसा जवळजवळ मिळत नव्हता. माझ्या मते मोठी बेफिकिरी ही आहे.

कॅटीकर, तुमचं सेफ आहे हे वाचून खरंच बरं वाटलं. पण आपल्या घरांतली एक गोष्ट बोलायलाच हवी. दहावी-बारावीतलं पोर गप्प झालंय, मार्क घसरलेत, रात्र रात्र जागतंय, आणि आपण ‘वय आहे, होईल ठीक’ म्हणतो. त्याच घरात बेडसाइड टेबलात भरलेलं पिस्तूल असेल तर विचार करायला मिळतात ती काही मिनिटं. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्या मुलाला पुष्कळदा वाचवता येतं. बंदुकीने दुसरी संधी क्वचित मिळते. अशा काळात बंदूक घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवलेली सर्वांत बरी. मूल फारच खचलंय असं वाटलं तर ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, मेसेजही चालतो.

आणि प्लेनोवाली, तो प्रश्न विचाराच. सीक्रेट सर्व्हिसने शाळांमधल्या हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून घेतलेली होती. कुलपासाठी पैसे नाहीत हे कारणही उरत नाही, बऱ्याच पोलीस ठाण्यांत प्रोजेक्ट चाइल्डसेफची केबल लॉक फुकट मिळतात. टेक्सासमध्ये १७ च्या खालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हाही आहे, हे आपल्या लोकांना माहीत नसतं.

ऑस्टिनवासी:

मुंबईच्या स्फोटांशी तुलना मला पटली नाही. ते बॉम्ब दुकानात विकायला नव्हते. टेक्सासमधल्या उवाल्डे गावच्या मुलाने अठरावा वाढदिवस झाल्या झाल्या दोन रायफली रीतसर दुकानातून घेतल्या, आणि २४ मे २०२२ ला तिथल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. पोलीस बाहेर ७७ मिनिटं थांबले. दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ पूर्ण लागतात, रायफलला १८ पुरतात. हे वय २१ करा एवढीच त्या आईबापांची मागणी होती.

एप्रिल २०२३ मध्ये कॅपिटलमध्ये, म्हणजे ऑस्टिनच्या विधानभवनात, त्या विधेयकाची सुनावणी झाली, एचबी २७४४. उवाल्डेची कुटुंबं सकाळपासून रात्रीपर्यंत आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. ८ मे, म्हणजे ॲलननंतर दोनच दिवसांनी, समितीने ते ८ विरुद्ध ५ मतांनी पुढे पाठवलं. दोन रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं. मी त्या दिवशी तिथे होतो. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. दुसऱ्या रात्री मुदत संपली, विधेयक सभागृहाच्या यादीवर आलंच नाही. २०२५ च्या अधिवेशनात तर उलट झालं, धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या हुकुमाने काढून घेण्याच्या, त्या ‘रेड फ्लॅग’ आदेशांवरच राज्याने बंदी घातली.

लोक विसरतात हे तिथल्या पुढाऱ्यांना पक्कं माहीत असतं. उलट ज्यांना बंदूक हवी ते विसरत नाहीत. टेक्सासचे सिनेटर कॉर्निन यांनी जून २०२२ मध्ये उवाल्डेनंतर केंद्राच्या कायद्यासाठी वाटाघाटी केल्या, तर ह्यूस्टनमध्ये त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनात त्यांची हुर्यो उडवली गेली. तरीही कायदा झाला, २१ च्या खालच्या ग्राहकाची जास्तीची तपासणी आली. म्हणजे ‘काहीच होत नाही’ हेही खरं नाही. फ्लोरिडात २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर सुमारे तीन आठवड्यांत वय २१ झालं, तेही रिपब्लिकन गव्हर्नरच्या सहीने, कारण शाळेतली मुलं थेट टॅलाहासीला, राज्याच्या राजधानीत, जाऊन धडकली.

मत नसलं तरी समितीपुढे साक्ष देता येते. नाव नोंदवायचं, आपली पाळी आली की दोन-तीन मिनिटं बोलायचं. मी स्वतः व्हिसावर असताना बोललोय. टेक्सासचं अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवस. पुढचं जानेवारी २०२७ मध्ये.

होकी०७:

मी एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकला मास्टर्स करत होते. तिथल्या गोळीबारात नॉरिस हॉल आणि वसतिगृह मिळून ३२ जण गेले. मुंबईची एक विद्यार्थिनी होती, तमिळनाडूत वाढलेले एक प्राध्यापक होते. पुढच्या सोमवारी वर्ग सुरू झाले, आम्ही गेलो. त्या वेळी कुणीच गप्प नव्हतं. ड्रिलफील्डवर, म्हणजे कॅम्पसमधल्या मोठ्या मैदानावर, हजारो लोक होते, आणि आम्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं की यानंतर हे परत होऊ देणार नाहीत. २०१२ मध्ये सँडी हुकच्या शाळेत पहिलीतली २० मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. बंदूक घेणाऱ्यांची तपासणी वाढवायचं विधेयक एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४-४६ वर अडकलं, ६० लागत होती. त्या रात्री मी बातम्या बंद केल्या आणि पुष्कळ वर्षं लावल्या नाहीत. गप्प झालेल्यांत माझ्यासारखे कितीतरी असतील. त्यांना बेफिकीर म्हणू नका. त्यांना बोलवा, येतील.

प्लेनोवाली:

सगळ्यांचे आभार. होकी०७, तुमचं लिहिणं वाचून फोन बाजूला ठेवावा लागला. ‘आपण गप्प झालो’ म्हणताना माझ्या डोक्यात फक्त पार्टीत विषय बदलणारे लोक होते. बोलून, रडून, थकून थांबलेल्यांचा विचार मी केला नव्हता.

कॅटीकर, मुंबईबद्दल मी ऑस्टिनवासींच्या बाजूची आहे. लोक कामावर गेले, पण स्फोट कुणी केले, पोलीस काय करत होते, हे लोकलच्या डब्यात वर्षानुवर्षं बोललं गेलं. कामावर जाणं आणि जाब विचारणं दोन्ही चालू होतं. इथे आपलं फक्त पहिलं चालू आहे.

पुढच्या शनिवारी मुलाच्या वर्गमित्राकडे स्लीपओव्हर आहे. त्याच्या आईला असा मेसेज लिहिलाय: ‘आमच्या घरी बंदूक नाही, दोन मांजरं आहेत. तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात आहे ना, एवढं सांगाल का? मी आता सगळ्याच घरी विचारते.’ शेवटचं वाक्य नवऱ्याने घालायला लावलं, म्हणजे तिला वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही. तुम्हाला खटकतंय का काही? आज रात्री पाठवते आहे.

कॅटीकर, आमच्या पालकांच्या ग्रुपसाठी झूमवर अर्धा तास याल का? बंदूक असलेल्या आपल्याच माणसाने सेफ कसं निवडायचं ते सांगितलं तर लोक ऐकतील. रात्रपाळी, तुम्हीही, ड्यूटी नसेल तेव्हा. आणि ऑस्टिनवासी, जानेवारीत समितीच्या तारखा लागल्या की इथेच टाका. सासऱ्यांचा व्हिसा तोवर आहे आणि त्यांना यायचं आहे. पाहुण्याला बोलता येतं का माहिती नाही, विचारून ठेवा. नाहीतर ते शेजारी बसतील, मी बोलेन.