मदत हवी आहे: कॉकाटेल पोपट पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलाय, खात नाही

सई_डोंबिवली | शनिवार, रात्री १०:१२

घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्याकडे लुटिनो कॉकाटेल आहे, राजा. पांढरा-पिवळा, गालावर केशरी टिकली. वय सव्वादोन वर्षं. काल संध्याकाळपासून दांडीवर बसत नाहीये, पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात पिसं फुलवून बसलाय, कापसाच्या बोंडासारखा. डोळे अर्धे मिटलेले. एरवी मी ऑफिसातून आले की कुलूप उघडायच्या आवाजावर ओरडतो, आज तुराही हलला नाही. राळे तसेच पडलेत. सूर्यफुलाची बी हातातून दिली तर चोचीत धरली आणि सोडून दिली.

शी फार कमी. सकाळपासून एकदाच केली, पण एवढी मोठी की आधी वाटलं दुसरंच काही सांडलंय. वासही होता. शेपटी श्वासाबरोबर वरखाली होते आहे.

जवळच्या दोन डॉक्टरांना फोन केला. एक म्हणाले आम्ही कुत्रा-मांजरच बघतो, दुसऱ्यांचा फोन बंद. उद्या रविवार. आजीने कापूर जाळून आरती केली, मी तो विझवला, त्यावरून घरात वेगळंच सुरू आहे. सकाळपर्यंत काय करू?

ठसका | रात्री १०:१९

थंडी बाधली असेल. ब्रँडीचे दोन थेंब कोमट पाण्यातून चोचीत सोडा. आमच्या मिठूला आजोबा द्यायचे.

निवांत_नाना | रात्री १०:२३

ठसकाराव, तुमचा मिठू ब्रँडीमुळे नाही, ब्रँडी पिऊनही वाचला असेल. सई, चोचीत काहीही ओतू नका. पाणी, मध, हळदीचं दूध, काहीच नाही. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते. मलूल पक्ष्याला थेंब ओतला की तो सरळ फुप्फुसात जाऊ शकतो.

मी पंधरा वर्षं कॉकाटेल पाळतोय, डॉक्टर नाही. फुगून तळाशी बसणं आणि शेपटी हलणं, ही दोन्ही लक्षणं एकत्र म्हणजे "बघू उद्या-परवा" वाली केस नाही. पक्षी आजार लपवतात. थव्यात मलूल दिसला की शिकारी पहिला त्यालाच उचलतो, म्हणून शेवटपर्यंत दाणे टिपल्याचं नाटकसुद्धा करतात. आपल्याला दिसतं तेव्हा नाटक करायचीही ताकद संपलेली असते.

आत्ता पहिलं काम ऊब. पिंजऱ्याच्या आत साधारण ३० अंश हवं. तीन बाजूंनी चादर टाका आणि एका बाजूला, बाहेरून, बल्ब लावा. एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. चोच उघडी टाकून पंख अंगापासून लांब धरायला लागला तर गरम जास्त होतंय, बल्ब मागे घ्या. दाणा-पाणी तळाशीच, त्याच्या चोचीसमोर ठेवा.

आणि घरात नॉनस्टिक तवा रिकामा तापला होता का कालपरवा?

सई_डोंबिवली | रात्री १०:४१

नाही, तवा बिडाचा आहे.

बल्ब लावला पण काही गरम होत नाहीये?

निवांत_नाना | रात्री १०:४३

एलईडी लावला असणार. त्याचा उपयोग नाही, जुना पिवळा तारेचा बल्ब हवा, ४० वॉटचा.

तव्याचं विचारलं कारण तो लेप जास्त तापला की निघणारा धूर आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. त्यांच्या अंगभर हवेच्या पिशव्या असतात, हवा आपल्यापेक्षा फार चांगली वापरतात, त्यामुळे विषही तसंच घेतात. कापूर, धूप, डासांची कॉइलही त्या खोलीत नको. कापूर विझवलात ते बरं केलंत. आजींना सांगा, देवाला लांबूनही ऐकू येतं.

रानवाटा | रात्री १०:४६

शीर्षकात "पोपट" वाचून आले. कॉकाटेल ऑस्ट्रेलियातला, त्यामुळे हे ठीक आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: आपला हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. जखमी किंवा आजारी सापडला तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

ठसका | रात्री १०:४८

आमचा मिठू १९८४ सालचा होता हो. आता कोणाला पकडणार?

सई_डोंबिवली | रात्री ११:०५

बल्ब मिळाला! माळ्यावरच्या आकाशकंदिलात होता. आजीलाच आठवला. आता पिंजऱ्यापाशी दिवाळी आहे. खोलीचा थर्मामीटर आत टांगलाय, २९ दाखवतोय. डोळे थोडे जास्त उघडे आहेत, की मला तसं वाटतंय कोण जाणे.

दुकानदाराला फोन केला. त्याने टेट्रासायक्लिनची पिवळी पूड पाण्यात घालायला सांगितली, "सगळ्यावर चालते". घालू का? घरात आहे, आणताना त्यानेच दिली होती.

गोठ्यातला_डॉक्टर | रात्री ११:१४

सई ताई, नका घालू. मी पशुवैद्य आहे, पण सांगलीकडचा, गाई-म्हशींचा. पक्षी वर्षाला दोन-चार बघतो, त्यामुळे माझा शब्द शेवटचा धरू नका. पाण्यातलं औषध आजारी पक्ष्याच्या पोटात किती गेलं हे कोणालाच कळत नाही, कारण तो पाणीच पीत नाही. कडू लागलं तर उरलंसुरलंही सोडतो. आणि कशावर देतोय हे तरी कुठे माहिती आहे?

तीन गोष्टी सांगा.

किचनचा वजनकाटा असेल तर डब्यात ठेवून वजन करा. छातीच्या मधोमध उभं हाड लागतं, त्याच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवा. सुरीच्या पात्यासारखं टोचतंय की दोन्हीकडे मांस आहे? आणि शेपटीखाली, दोन पायांच्या मध्ये, पोट कसं दिसतंय? दाबू नका, फक्त पिसं फुंकर मारून बाजूला करा आणि बघा.

सई_डोंबिवली | रात्री ११:३१

वजन १०८ ग्रॅम (पोळ्यांच्या डब्यात). आधी कधी केलं नव्हतं, त्यामुळे कमी झालं की वाढलं माहीत नाही.

हाड टोचत नाही, दोन्हीकडे भरलेलं आहे.

पोट मात्र फुगलंय. शेपटीच्या जरा वर फुगवटा आहे, कातडी ताणल्यासारखी चकचकीत. आणि आत्ता बघताना लक्षात आलं, तो पाय फाकवून उभा राहतोय आणि मध्ये मध्ये शेपटी खाली दाबून जोर करतोय, कुंथल्यासारखा. डावा पाय नीट टेकत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | रात्री ११:३४

राजा नर आहे हे कोणी सांगितलं?

सई_डोंबिवली | रात्री ११:३५

दुकानदाराने. का?

निवांत_नाना | रात्री ११:३८

अरे देवा. बरोबर आहे डॉक्टर, माझ्या डोक्यातच आलं नाही.

सई, राजा शिट्ट्या मारतो का? गाणं, टाळ्यांची नक्कल, तुमचा मोबाईल वाजल्यासारखा आवाज?

सई_डोंबिवली | रात्री ११:४२

नाही. फक्त एकसुरी ओरडतो. आजी दोन वर्षं रोज सकाळी त्याला "विठ्ठल विठ्ठल" शिकवतेय, एकदाही म्हणाला नाही. आम्ही समजलो मंद आहे.

निवांत_नाना | रात्री ११:४९

मंद नाही, मादी आहे बहुतेक. कॉकाटेलमध्ये गाणारे, नकला करणारे नरच जास्त. राखाडी कॉकाटेलच्या मादीला शेपटीखाली पट्टे दिसतात, पण लुटिनोत तेच पट्टे फिकट पिवळे असतात, उजेडासमोर शेपूट पसरून धरलं तरच कळतात. आत्ता ते करत बसू नका.

गोठ्यातला_डॉक्टर | रात्री ११:५८

अंडं अडकल्यासारखं वाटतंय. खात्री एक्स-रेवरच होईल. नर नसला तरी मादी अंडी घालते, कोंबडी घालते तशीच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. अंडं बाहेर ढकलायला स्नायूंना कॅल्शियम लागतं. नुसते राळे आणि सूर्यफूल खाणाऱ्या पक्ष्याच्या अंगात ते कमी असतं, त्यात कवचालाही तेच लागतं. मग स्नायू जोर करत नाहीत आणि अंडं वाटेतच बसतं. आमच्याकडे म्हैस व्यायल्यावर दुग्धज्वराने बसते, उठत नाही, त्यातलंच हे. पाय टेकत नाही तोही त्यामुळेच असू शकेल, अंडं तिथल्या नसांवर दाबतं. मोठी शी एकदाच होणं हेही त्यात बसतं.

हे घरी सोडवायचं नाही. तेल लावून बोटाने दाबून काढलेलं अंडं आत फुटतं किंवा आतला भाग बाहेर येतो. ऊब चालू ठेवा, बल्बपासून जरा लांब गरम पाण्याची वाटी ठेवा, वाफेने हवा दमट राहील. वाटी पिंजऱ्याच्या बाहेर. आणि सकाळी पहिल्या गाडीने पक्ष्यांचा डॉक्टर. रात्रीत जोर करून करून आडवी पडली तर सकाळचीही वाट बघू नका.

माईंची_सून | रात्री १२:०६

ठाण्यात पक्षी बघणाऱ्या एक डॉक्टर आहेत, रविवारी सकाळी असतात. नंबर तुमच्या विपूत (विचारपुशीत) टाकलाय. नाहीच जमलं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, पण आधी फोन करून पक्ष्यांचे डॉक्टर आहेत का विचारून घ्या. मोठा पिंजरा नेऊ नका, बुटांच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला टॉवेल, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला. अंधारात शांत राहतात.

आणि सई, आजींना खोकला वगैरे नाही ना? घाबरवत नाहीये. पोपटांपासून माणसाला सिटॅकोसिस होऊ शकतो, ताप-खोकला, कधी न्यूमोनिया. राजाला तो आहे असं कोणी म्हणत नाहीये, पण घरात पक्षी आहे हे आपल्या डॉक्टरांना सांगून ठेवावं. शीचा कागद सुका झटकू नका, ओला करून उचला.

सई_डोंबिवली | रविवार, पहाटे ४:५०

जागीच आहे. अजून जोर करतोय. करतेय. आजी खोक्याला विणकामाच्या सुईने भोकं पाडतेय.

निवांत_नाना | सकाळी ६:१५

काय झालं कळवा. मीही नीट झोपलो नाही.

सई_डोंबिवली | दुपारी ३:२०

आहे! जिवंत आहे!

ठाण्याच्या डॉक्टरांनी हातात घेतल्या घेतल्या "अंडं आहे" म्हटलं. एक्स-रेमध्ये तर लहान मुलाने काढल्यासारखं स्पष्ट, अख्खा पक्षी हाडांच्या रेघा-रेघा आणि मध्ये गुळगुळीत लंबगोल. कॅल्शियमचं इंजेक्शन, कातडीखाली सलाईन, आणि गरम दमट पेटीत ठेवलं. म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत नाही आलं तर भूल देऊन सुईने आतला बलक ओढून घेऊन कवच लहान करावं लागेल. मी ते ऐकून बाहेर जाऊन बसले.

पावणेदोनला आलं. पेटीच्या कोपऱ्यात, जरा खरखरीत कवच, पिंगपाँगच्या चेंडूपेक्षा बरंच लहान. वजन ५ ग्रॅम. तिने मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं आणि सरळ राळे खायला गेली.

आजी सकाळपासून गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "म्हणूनच दोन वर्षं विठ्ठल म्हणत नव्हती. रखुमाई नवऱ्याचं नाव घेईल का, उखाण्याशिवाय?"

ठसका | दुपारी ३:२४

आजींना दंडवत. ब्रँडी मागे घेतो.

गोठ्यातला_डॉक्टर | दुपारी ३:४१

वा! पण पहिलं अंडं आहे, लक्षात ठेवा. कॉकाटेल एक दिवसाआड एक घालते, चार ते सहा सहज. पुढच्या अंड्यांसाठी कॅल्शियम तोंडाने दिलंय का त्यांनी?

सई_डोंबिवली | दुपारी ४:१०

हो, थेंब दिलेत, मऊ भातात कालवून. पिंजऱ्यात समुद्रफेस (कटलफिशचं हाड, कॅल्शियमसाठी) टांगायला सांगितलाय. आमच्या कोपऱ्यावरच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळाला, दुकानदाराने विचारलं कान वाहतो का. शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, पालक नको, सूर्यफूल अगदी कमी.

आणि अंडी घालायला लागली कशामुळे, तर म्हणे आमच्यामुळेच. आजी रोज दुपारी मांडीवर घेऊन तिच्या पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवते. डॉक्टर म्हणाल्या, तो हात तिला जोडीदाराचा वाटतो. फक्त डोकं आणि मान खाजवायची. शिवाय ती आजीच्या कपाटाच्या उघड्या खणात, नऊवारीच्या घडीत जाऊन बसायची, आम्ही फोटो काढायचो. ते घरटं होतं. आणि हॉलमधला दिवा मालिका संपेपर्यंत, साडेअकरापर्यंत. एवढा लांब उजेड म्हणजे पक्ष्याला विणीचा हंगाम. आता साडेसहाला पिंजऱ्यावर जाड चादर.

प्रश्न: आलेलं अंडं काढून टाकू का? बिचारी आता त्यावर बसलीये.

निवांत_नाना | दुपारी ४:२२

राहू द्या. काढलं की ती कमी पडलं समजून आणखी घालते. बसून बसून कंटाळली की आपणच सोडते, दोन-तीन आठवडे लागतील, मग उचला. रोज सकाळी, खायच्या आधी, त्याच पोळ्यांच्या डब्यात वजन. पाच-सहा ग्रॅमचा चढउतार अंड्याचा समजा, दहा ग्रॅम उतरलं तर फोन.

सई_डोंबिवली | बुधवार, रात्री ९:०५

दुसरं अंडं काल पहाटे आलं, कोणाला न कळता. आज वजन ९९. पोळ्यांना नवा डबा आणलाय.

आजी मालिका आता स्वयंपाकघरात, मोबाईलवर, कानात हेडफोन घालून बघते. हाक अजून "राजा" अशीच मारते, आणि ती त्यालाच ओ देते.