धुरळणीआधी डासांची जनुकं तपासावीत का?

तापीकाठ : डेंग्यूचे रुग्ण वाढले की शहरात धुरळणी सुरू होते : २ टक्के पायरेथ्रम (फुलांपासून काढलेलं कीटकनाशक) १ भाग, केरोसीन १९ भाग. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मज्जापेशीतल्या सोडियम मार्गिकेत (हे औषध जिथे काम करतं ते दार) जनुकामुळे बदल झाला असेल (एफ१५३४सी नावाचा असा बदल भारतातही सापडला आहे), तर पायरेथ्रम आणि पायरेथ्रॉइड (त्याचे कृत्रिम भाऊबंद) दोन्हींचा असर घटतो. आणि धुळ्याचा निकाल अमळनेरला चालणार नाही. एडिस उडतो जेमतेम काहीशे मीटर, पण त्याची अंडी कोरड्या टायरात महिनोन्‌महिने टिकतात आणि ट्रकमधून येतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यातच मिळतात. म्हणून प्रत्येक शहरातले डास वेगळे असू शकतात, शहरागणिक जनुकचाचणी हवीच.

कोरडा दिवस : अजिबात पटत नाही. साधी नळीची चाचणी पुरते : औषध लावलेल्या कागदाच्या ४ नळ्या, साध्या कागदाच्या २, प्रत्येकीत २०-२५ माद्या, १ तास. २४ तासांनी मेलेल्या मोजा. ९८ टक्के किंवा जास्त मेल्या तर औषध चालतं, ९० च्या खाली आल्या तर प्रतिकार पक्का. हे जिल्ह्यात होतं. पीसीआर (प्रयोगशाळेतली जनुकचाचणी) कशाला?

तापीकाठ : भाऊ, ९८ टक्क्यांतच तर गफलत आहे. प्रतिकाराचा हा गुण बहुतेक सुप्त असतो, डासात जनुकाच्या दोन प्रती असतात, त्या दोन्ही बदललेल्या असतील तरच तो वाचतो. १० टक्के प्रती बदललेल्या धरा. दोन्ही प्रती बदललेले डास निघतील १ टक्का, एकच बदललेले १८ टक्के. नळीत ९९ टक्के मरतील, शेरा ‘औषध चालतं’. पुढे तीच फवारणी त्या १ टक्क्याला निवडून वाढवते. औषध बदलायची वेळ तेव्हाच असते.

अळीमोजणी : हिशेब बरोबर, पण अर्धाच. विकरांनी (शरीरातल्या एन्झाइमांनी) विष पचवणारा डास या जनुकचाचणीत निर्दोष दिसतो. त्यासाठी आधी पीबीओ (विकरांना रोखणारं रसायन) देऊन तीच नळी पुन्हा लावावी लागते. मरण्याचं प्रमाण वाढलं तर दोष विकरांचा. नमुन्यातही घोळ होतो : एकाच सापळ्यातली ४० अंडी म्हणजे बहुतेक भावंडं, ती ४० डास म्हणून मोजली की टक्केवारी खोटी. ४० ठिकाणचं एकेक घ्या.

कोरडा दिवस : निकाल येईपर्यंत कूलरमधून दोन पिढ्या उडतील! अंड्यापासून डास ८-१० दिवसांत. पाणी चार-पाच दिवसांआड येतं तिथे हौद, टाक्या भरलेल्याच. नुसतं ओतून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात. काथ्याने घासा, मगच भरा. ही अंडी काढायला कुठलंही जनुक आडवं येत नाही.

तापीकाठ : घासणं मान्य, आजपासूनच. पण घासूनही रुग्ण निघतील तिथे धुरळणी होणारच, आणि तेव्हा पंपात पायरेथ्रम भरायचं की मॅलॅथिऑन (वेगळ्या गटाचं कीटकनाशक), हे कशावरून ठरवणार?