सर्दी-ताप असताना बाळाला अंगावर पाजावं का?

सिंहगडरोडची_आई
बाळ अजून महिन्याचं नाही. कालपासून माझा घसा धरलाय, नाक वाहतंय, ताप शंभरच्या आसपास. सासूबाई म्हणतात, "दोन दिवस पाजू नकोस, बाळाला बाधेल." अहो पावडरचा डबा आणायला निघालेत. डॉक्टरांची वेळ उद्या संध्याकाळची आहे. काय करू?

सिस्टर_धनकवडी
पाज गं, बिनधास्त पाज. माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, हा प्रश्न दर पावसाळ्यात यायचा. तुला शिंक यायच्या आधीच विषाणू बहुतेकदा बाळापर्यंत पोचलेला असतो. आता त्याच्याशी लढायला तुझं शरीर जी प्रतिपिंडं तयार करतंय, ती दुधातून बाळाला मिळतात. त्यातलं मुख्य आयजीए. ते बाळाच्या घशाच्या, आतड्याच्या अस्तरावर थांबतं आणि जंतूंना चिकटूच देत नाही. बाळाला स्वतःचं आयजीए पुरेसं बनवायला अजून वेळ आहे. वारेतून तुझ्याकडून आलेली प्रतिपिंडं वेगळी, आयजीजी, ती रक्तात असतात आणि काही महिन्यांत ओसरतात.

शिवाय दुधात लॅक्टोफेरिन असतं. जंतूंना वाढायला लोह लागतं, तेच ते अडवून धरतं. काही शर्करा तर बाळाला पचतही नाहीत, त्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठीच असतात. हे पावडरच्या डब्यात जसंच्या तसं मिळत नाही.

पाजताना मास्क लाव, आधी हात साबणाने धू. सर्दीची गोळी मनाने घेऊ नकोस, काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन असतं, त्याने दूध कमी होऊ शकतं. आजच फोन करून औषध विचार. बाळाला १००.४ ताप आला, ते दूध ओढेना किंवा धाप लागली, तर उद्याची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या.

वाघोलीकर_निशा
माझी लेक कमी दिवसांची, काचेच्या पेटीत होती. सिस्टर माझा चीक बोळ्याने तिच्या गालांच्या आतून लावायच्या. पिवळाधमक, जेमतेम काही थेंब. आमच्याकडे तो पिळून टाकायची रीत होती, म्हणून सांगते, एक थेंबही टाकू नका.

सिंहगडरोडची_आई
सिस्टर, खूप धीर आला. फार थकवा आला तर दूध काढून ठेवू का? सासूबाई ते उकळायचं म्हणतात.

सिस्टर_धनकवडी
काढून ठेव, पण उकळू नका. त्यातल्या जिवंत पेशी मरतात, प्रतिपिंडंही जातात. झाकून बाहेर चार तास चालतं, नाहीतर फ्रीजमध्ये आत ठेव, दारात नको. देताना वाटी कोमट पाण्यात धर. आणि सासूबाईंना हे सगळं वाचून दाखव. काळजीपोटीच म्हणतायत त्या.