भीमबेटकाचे शैलाश्रय पायी आणि नीट पाहायचे असतील तर बेत कसा आखावा?

रानवाट

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात भोपाळला दोन दिवस मोकळे मिळणार आहेत आणि त्यांपैकी एक पूर्ण दिवस भीमबेटकाच्या शैलाश्रयांसाठी, म्हणजे प्राचीन चित्रे असलेल्या खडकांच्या आडोशांसाठी, राखून ठेवावा असा विचार आहे. सोबत पत्नी आणि सातवीत शिकणारा मुलगा असेल. चालण्याची आम्हा तिघांनाही सवय आहे. या ठिकाणाविषयीची प्रवासवर्णने पुष्कळ वाचली, परंतु बहुतेकांत तासाभरात गुहा आटोपून भोजपूरच्या मंदिराकडे निघाल्याचेच लिहिलेले आढळते, आणि चित्रांच्या वयाविषयी तर दहा हजार वर्षांपासून एक लाख वर्षांपर्यंत वाटेल ते आकडे दिले जातात. ठरवून दिलेल्या पायवाटेवर नेमके काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे, एखादे चित्र जुने की अलीकडचे हे आमच्यासारख्यांना जागेवर ओळखता येते का, आणि त्या वाटेपलीकडच्या टेकड्यांवर जाता येते का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कातळकडा

आपण पूर्ण दिवस ठेवला आहे हे फार चांगले केले. भोपाळच्या आग्नेयेस सुमारे 45 किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, नर्मदापुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओबेदुल्लागंज ओलांडल्यानंतर उजवीकडे फाटा फुटतो आणि रेल्वेमार्ग ओलांडून तो रस्ता थेट टेकडीवर चढतो. याच रेल्वेने जाताना पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांचे लक्ष या कड्यांकडे गेले आणि 1957 मध्ये हे शैलाश्रय अभ्यासकांपुढे आले, हे आपल्या वाचनात आलेच असेल. त्या कड्यांची उंच, बुरुजांसारखी रचना आजही दुरून ओळखू येते.

पर्यटकांसाठी बांधलेली वाट पंधरा क्रमांकित शैलाश्रयांवरून जाते. तिची लांबी फार नाही, त्यामुळे लोक ती भराभर उरकतात; पण माझा आग्रह असा की, ती एकदा चालून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून चालावी. पहिल्या फेरीत डोळ्यांना केवळ ठळक चित्रे दिसतात आणि दुसऱ्या फेरीत त्या चित्रांखालची चित्रे दिसू लागतात. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. चौथ्या क्रमांकाच्या शैलाश्रयात, ज्याला प्राण्यांच्या गर्दीमुळे प्राणिसंग्रहालयाचा खडक म्हणतात, तिथे हत्ती, गवे, हरणे अशी चित्रे एकमेकांवर रंगवलेली आहेत. एखाद्या पांढऱ्या प्राण्याच्या पाठीची रेघ तांबड्या प्राण्याच्या पायांवरून अखंड गेली असेल तर पांढरा नंतरचा, आणि ती रेघ तांबड्यापाशी तुटून पलीकडे पुन्हा सुरू होत असेल तर तांबडा नंतरचा. मुलाला एवढे एक सूत्र सांगून त्या खडकापुढे अर्धा तास मोकळे सोडावे. कोणत्याही फलकापेक्षा तो त्यातून अधिक शिकेल.

चित्रांतल्या वस्तूंवरूनही पुष्कळ कळते. घोडेस्वार, ढाली, तलवारी, हत्तीवर बसलेली माणसे दिसली की ते चित्र ऐतिहासिक काळातले, म्हणजे बाकीच्यांच्या मानाने अगदी अलीकडचे समजावे. भाले आणि धनुष्यबाण घेतलेल्या किरकोळ अंगाच्या आकृती, अंगात जाळीदार नक्षी भरलेले प्राणी, पोटातले पिल्लू बाहेरून दिसावे अशी काढलेली गाभण मादी, ही चित्रे सामान्यतः मध्याश्मयुगातली, म्हणजे दगडी हत्यारांच्या काळाच्या मधल्या टप्प्यातली, मानली जातात. हिरव्या रंगातल्या नाचणाऱ्या आकृती मात्र वादाचा विषय आहेत. वाकणकरांनी त्या उत्तर पुराश्मयुगातल्या (त्याआधीच्या टप्प्याच्या अखेरच्या), म्हणजे सर्वांत जुन्या ठरवल्या, तर इतर काही अभ्यासक इथली कोणतीही चित्रे मध्याश्मयुगापलीकडे नेण्यास तयार नाहीत. आपण वाचलेल्या आकड्यांत एवढी तफावत पडते तिचे मूळही इथेच आहे. तांबडा रंग हा गेरू, म्हणजे लोहाचे ऑक्साइड. त्यात कार्बन नसल्यामुळे कार्बन-14 पद्धतीने त्या रंगाचे थेट वय काढता येत नाही.

पंधराव्या क्रमांकावर एक प्रचंड जनावर आहे. त्याचे तोंड डुकराचे, पण डोक्यावर शिंगे, आणि समोर पळणारा माणूस त्याच्या मानाने बोटभर. असा प्राणी कधीच नव्हता, तेव्हा शिकारीचा प्रसंग जसाच्या तसा टिपला आहे असे गृहीत धरण्यापूर्वी या चित्रापुढे जरा थांबावे.

एक विनंती. चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांवर पाणी मारण्याची वाईट खोड काही लोकांना असते. पाणी सुकताना खडकातील क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगावर कायमचा पांढुरका थर धरतो. कोणी तसे करताना दिसल्यास रखवालदारास अवश्य सांगावे. उंचावरची चित्रे पाहण्यासाठी लहान दुर्बीण पुरते.

गारगोटी

कातळकडा यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु तोही अखेर भिंतीकडेच पाहणारा आहे, अशी माझी तक्रार आहे. भीमबेटकामध्ये सर्वांत जुने जे काही आहे ते पायाखाली आहे. 1970 च्या दशकात वाकणकरांनी आणि त्यांच्यासोबतच पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी इथे उत्खनने केली. मिश्र यांनी खोदलेल्या III F-23 या शैलाश्रयात सुमारे चार मीटर जाडीचे थर निघाले, आणि त्यांत तळाशी क्वार्टझाइट या कठीण दगडाच्या हातकुऱ्हाडी व रुंद धारेच्या तोडहत्यारांपासून वरच्या बाजूस मध्याश्मयुगातल्या नखाएवढ्या गारगोटीच्या पात्यांपर्यंत मानवी वस्तीचा क्रम जवळपास सलग मिळाला. हातकुऱ्हाडी घडवणारी माणसे चित्रकारांच्या लाखाहून अधिक वर्षे आधीची होत. त्यांनी भिंतीवर काहीही रंगवलेले आढळत नाही, म्हणून पर्यटकांच्या दृष्टीने ती जणू नव्हतीच.

वाटेच्या सुरुवातीस असलेल्या सभागृह नावाच्या मोठ्या बोगदावजा गुहेत मध्यभागी एक मोठा खडक आहे. त्याच्या उभ्या पृष्ठभागावर दगडाने ठोकून केलेले वाटीसारखे उथळ खळगे दिसतात. हे खळगे पुराश्मयुगाच्या आरंभीच्या काळातले, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या मानवी खुणांपैकी आहेत, असे मत शैलचित्रांचे अभ्यासक रॉबर्ट बेडनरिक यांनी मांडले आहे. ते सर्वांना मान्य नाही, पण खळगे मात्र आपल्या डोळ्यांनी पाहता येतात. रंग नसल्यामुळे दहांतले नऊ लोक त्यांच्यापुढून तसेच निघून जातात. सकाळचा तिरपा उजेड किंवा बाजूने धरलेली विजेरी असेल तरच खळग्यांची खोली जाणवते, समोरून प्रकाश पडला की तो दगड सपाट भासतो.

रानवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. त्याच सभागृह गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा जीवाश्म सापडल्याची बातमी काही वर्षांपूर्वी वाचली होती. तो मुलाला दाखवावा म्हणतो. नेमका कुठे आहे? आणि वाटेपलीकडच्या टेकड्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

सागपान

तो दाखवावाच, पण पूर्ण कथेसह. 2021 मध्ये काही भूवैज्ञानिकांनी गुहेच्या छतावरील पानासारखा ठसा हा सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनियाचा जीवाश्म असल्याचे प्रसिद्ध केले. त्यावरून इथल्या विंध्य खडकांचे वयच बदलण्याची वेळ आली होती. परंतु भूवैज्ञानिक जोसेफ मीर्ट यांच्या चमूने पुढे त्या जागेची पुन्हा पाहणी केली, तेव्हा तो ठसा खडकात मुरलेला नसून छतावर चिकटलेला असल्याचे आणि त्याचा काही भाग मधल्या काळात गळून पडल्याचे त्यांना आढळले. ते होते जुन्या मोहोळाचे अवशेष. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि मूळ संशोधकांनीही ते मान्य केले. जीवाश्म म्हणून आज तिथे दाखवण्यासारखे काही नाही, मात्र आग्या मोहोळाची पोळी कड्यांना लटकलेली हमखास दिसतील. तिथे मोठ्याने ओरडू नये, धूम्रपान करू नये आणि भडक सुगंधी द्रव्ये लावून जाऊ नये, ही सूचना गंमत म्हणून घेऊ नका. माशा उठल्या तर त्या अरुंद वाटेवरून पळायला जागा नसते.

पलीकडच्या टेकड्यांविषयी सांगायचे तर, 2003 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या क्षेत्रात भीमबेटकाखेरीज विनायका, भोंरावली आणि लाखा जुआर पूर्व व पश्चिम अशा टेकड्या येतात. एकूण शैलाश्रय सातशेहून अधिक आहेत. भोवतालचे जंगल रातापानीचे असून डिसेंबर 2024 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. त्यामुळे पुरातत्त्व सर्वेक्षण आणि वनविभाग यांची आगाऊ परवानगी व सोबत वाटाड्या असल्याशिवाय त्या बाजूस जाण्याचा विचार करू नये. दोन दिवसांच्या मुक्कामात ही परवानगी पदरात पडेल याचा भरवसा नाही.

माझी सूचना वेगळी आहे. सकाळ भीमबेटकामध्ये दोन फेऱ्यांत घालवावी आणि दुपारी त्याच रस्त्याने दक्षिणेस नर्मदा ओलांडून नर्मदापुरमजवळच्या आदमगडच्या टेकडीवर जावे. तिथेही रंगवलेले शैलाश्रय आहेत. 1960-61 मध्ये रा. वि. जोशी आणि म. द. खरे यांनी तिथे उत्खनन करून मध्याश्मयुगीन सूक्ष्मास्त्रे, म्हणजे दगडाची लहान हत्यारे, फार मोठ्या संख्येने मिळवली. गर्दी भीमबेटकाच्या तुलनेत नगण्य असते. याच परिसरात, नर्मदेच्या उत्तर काठावर सीहोर जिल्ह्यातल्या हथनोरा गावापाशी, 1982 मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. गारगोटी यांनी ज्या हातकुऱ्हाडींचा उल्लेख केला, तशीच हत्यारे नर्मदेच्या या गाळातही सापडतात.

या भागात चालताना मुलाला एखादा घडवलेला दगड दिसण्याची शक्यता बरीच आहे. छायाचित्र घ्यावे, शेजारी मापासाठी नाणे ठेवावे आणि दगड जिथे आहे तिथेच राहू द्यावा. संरक्षित क्षेत्रातून असा दगड उचलून नेणे कायद्याने गुन्हा आहे, आणि जागा सुटल्यावर तो कोणत्या थरातून आला हे कोणालाच सांगता येत नाही. भोजपूर दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. अकराव्या शतकातल्या त्या अपुऱ्या मंदिराभोवतीच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले इमारतीचे आराखडेही सावकाश पाहण्याजोगे आहेत.